लोंढे सिस्टर आणि येडी मुंगी

लोंढे सिस्टरांकडे कुणीही गेलं, की नमस्कार-चमत्काराच्या आधी त्या समोरच्याची खालची पापणी ओढून बघायच्या. मी पहिल्यांदा त्यांच्या रोपवाटिकेत गेलो ते कागदी लिंबाचं रोप घ्यायला. सणसरच्या जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून बदलून येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. फाटकातून आत पाऊल टाकलं, तोच साठी ओलांडलेल्या एक बाई पदराला हात पुसत आल्या आणि अंगठा थेट माझ्या डोळ्याखाली!

"पांढरं फटक हाय. काय खाता?"

"मला लिंबाचं रोप..."

"लिंबू लावा. पण शेवगाबी लावा. पाला खुडायचा आन् भाजी करायची. लगीन झालंय का? मंग मालकिणीलाबी घेऊन या, तिचाबी डोळा बघू."

मी लिंबू आणि शेवगा असं दोन्ही घेऊन परतलो. फाटकावर पाटी होती, 'रोपं मिळतील'. त्याखाली वेगळ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'सल्ला न मागता मिळेल'. ही दुसरी ओळ त्यांच्या यजमानांची. मधुकरराव एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर त्यांना बोलायला प्रवासी उरले नव्हते, म्हणून ते पाटीवर बोलायचे.

सिस्टरांचं नाव विमल. पण सणसर, लासुर्णे आणि आसपासच्या वस्त्यांवर ते कुणाला ठाऊक नव्हतं. आरोग्यसेविका म्हणून त्यांची सगळी नोकरी याच पट्ट्यात झाली. आधी पायी, मग सायकलवर, शेवटी लेकीनं घेऊन दिलेल्या स्कूटरवर. अर्धा भाग त्यांच्या हातावर जन्मलेला. नोकरीच्या पहिल्या वर्षातली एक गोष्ट त्या हसत हसत सांगायच्या. एका बड्या घरात त्या लस टोचायला गेल्या, तेव्हा म्हातारीनं त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं. भांडं हाती दिलं नाही. पुढं त्याच घरातली सून अडली आणि सिस्टरांनीच तिला मोकळं केलं. घाबरलेल्या म्हातारीनं बाळ पुसलं आणि नकळत सिस्टरांच्या मांडीवर ठेवलं.

"मी म्हणलं, आजी, आता काय करायचं? बाळ इसळून घेणार का?" सिस्टर सांगायच्या आणि स्वतःच खळखळून हसायच्या. "म्हातारी जी लाजली! तवापासून त्या घरात मला चहा कपबशीतनं. वर साखर जास्त."

मी त्यांना एकदा म्हणालो, की लोक मला डॉक्टर म्हणतात, पण मी काही खरा डॉक्टर नाही. त्यावर त्यांनी हिशेब मांडला, "तुमी अर्धे डॉक्टर, मी पाऊण. दोघं मिळून सव्वा. एका गावाला लई झालं."

झाडांच्या बाबतीत त्या कडक होत्या. काळ्या, पाणी साचणाऱ्या चिबड रानात चिकू लावायला निघालेल्या माणसाला त्यांनी रोप दिलं नव्हतं. तो चिडून म्हणाला, "मी इकत घेतोय, फुकट न्हाय!" तर म्हणाल्या, "पोरगी बी काय फुकट देत न्हाय कुणी, तरी घर बघूनच देत्यात." आणि रोज बादलीनं पाणी ओतणाऱ्या बायकांना त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "झाड उन्हानं मरत न्हाय बाई, मायेनं मरतं."

अशा या बाईंच्या हातून एक चूक झाली. कळून-सवरून केलेली नव्हे, पण चूकच. आणि ती त्यांनी ज्या तऱ्हेनं निस्तरली, त्यासाठीच खरं तर मी हे लिहितो आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पाऊस सरत आला होता. सणसरच्या तात्यांचा फोन आला, "डॉक्टर, बिगी या. कालची पाडी हाय, डोळंच उघडंना." तात्या म्हणजे या भागातले मोठे ऊसवाले. आवाज असा, की फोनची गरज पडू नये. जाऊन बघतो तर एक दिवसाची पाडी गोठ्यात मान टाकून पडलेली, दोन्ही डोळे सुजून बंद. पापण्या उघडल्या तर आत बुबुळावर दुधासारखी साय. मी सलाइननं डोळे धुवायला लागलो, तेव्हा हातावर काहीतरी पळालं.

मुंग्या होत्या. पिवळसर, अंगानं बारीक, पायांनी लांबच लांब. आपल्या मुंग्या कशा ओळ धरून शिस्तीत चालतात. या सैरावैरा धावत होत्या, जणू घरात आग लागली आहे. गोठ्याचा कुड, गव्हाण, पाडीचं तोंड, सगळीकडे. मी दोन-चार चिरडल्या, तर बोटं चुरचुरली.

"चावत न्हायती, डॉक्टर," तात्या म्हणाले. "थुकत्यात. आमची खुडूक कोंबडी अंडी सोडून पळाली. पिल्लं हुती चार, ती गेली. आन् एक बघा, आपली काळी मुंगी, लाल मुंगी, एक ऱ्हायली न्हाय हितं. कोळीबी न्हाय. समदं खाल्लं हिनं."

मी मुंग्यांचा माग काढत गोठ्यामागं गेलो. बांधावर तात्यांनी उन्हाळ्यात नारळाची रोपं लावली होती. त्यातल्या एकाच्या बुडाशी माती उकरली, तर आत नुसत्या मुंग्या खदखदत होत्या. त्यांच्यात जाड पोटाच्या राण्या, एक नव्हे, कितीतरी. नारळ कुठून आणले, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

रिकाम्या इंजेक्शनच्या बाटलीत चार मुंग्या घालून मी सरळ सिस्टरांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून बाटली उजेडात धरली. त्या मागच्या आवारात गेल्या. तिथं दक्षिणेकडून ट्रकनं आलेल्या मालातली उरलेली नारळाची रोपं होती. एक पिशवी त्यांनी फाडली. माती जमिनीवर पडली आणि पळायला लागली.

सिस्टर पालथ्या क्रेटवर बसल्या.

मधुकररावांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "कुणाला म्हाईत हाय, आपल्याकडनंच गेली म्हणून?" ते हळूच म्हणाले. "मुंगी काय, कुठनंबी येती. तिकीट काढून आली का आपल्याच गाडीतनं?"

"तिकीट आपणच काढलंय, अहो," सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी मुंगीचे फोटो कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंना पाठवले. सिस्टरांच्या हातावर जन्मलेल्यांचे पत्ते असे कुठंही निघायचे, या बाईही त्यातल्याच. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः आल्या, मुंग्या पाहिल्या आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. ही येडी मुंगी, इंग्रजीत 'क्रेझी अँट', या पट्ट्यातली नाही, त्या म्हणाल्या. शिकारी जात आहे. जिथं जाईल तिथले बाकीचे किडे, कोळी, गांडुळं, मधमाश्या संपवते. चावत नाही, आम्ल फवारते, म्हणून लहान जनावरांचे डोळे जातात. वर पिकाचा रस पिणाऱ्या पिठ्या ढेकणांना सांभाळते, कारण त्यांच्या अंगातून निघणारा गोड चिकटा तिला लागतो. म्हणजे उद्या उसात शिरली, तर पिठ्या ढेकूणही वाढणार.

सिस्टरांनी एकच प्रश्न विचारला, "उडून जाती का?"

"फारशी नाही. राण्या पायीच घर बदलतात. एका वर्षात बांध-दोन बांध."

"म्हंजी गावोगाव तिला आपणच नेतो. कुंडीतनं, मातीतनं."

"हो."

"मग सापडल," सिस्टर म्हणाल्या आणि क्रेटवरून उठल्या. आता त्या रोपवाटिकेच्या मालकीण राहिल्या नव्हत्या, पुन्हा आरोग्यसेविका झाल्या होत्या. "रोगाला जात नसती, डॉक्टर, पत्ता असतो. पत्ता शोधायचा."

त्याच दिवशी पाटीवरचा मजकूर पुसला गेला. नवा मजकूर सिस्टरांनी स्वतः लिहिला, 'रोपं बंद. आमच्या नारळांतून वाईट मुंगी गेली आहे. ज्यांनी रोपं नेली त्यांनी कळवावे. चूक आमची आहे.' मी म्हणालो, शेवटचं वाक्य गाळा, लोक तेच धरून बसतील. आणि वर 'गेली असण्याची शक्यता आहे' असं लिहा.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "एक सांगू का? लपवलेला ताप शेजाऱ्याला येतो. आमच्या नोकरीत पहिल्या दिवशी शिकले हे. शक्यता-बिक्यता न्हाय. गेली हाय."

तात्यांना सांगायला त्या एकट्याच निघाल्या होत्या. मी मागोमाग गेलो. तात्या गोठ्याच्या दारात उभे होते. सिस्टरांनी उभ्याउभ्याच सांगितलं. तात्यांचा आवाज फाट्यापर्यंत गेला असेल.

"तुमच्या नारळानं माझी पाडी आंधळी केली!"

"व्हय तात्या. माझ्याच नारळानं."

समोरचा नाकबूल करील, मग आपण पुरावा काढू, मग भांडण पेटेल, अशी तात्यांची सगळी तयारी होती. ती एका शब्दात वाया गेली. ते दोनदा हवेत हात उडवून म्हणाले, "मंग? मंग आता?"

"आता पाडीचं डोळं मी धुणार. दिसातनं तीनदा. आन् मुंगी काढणार. तुमी माझ्यावर रागावा, पण गोठ्यात मला येऊ द्या."

त्या खरंच आल्या. अकरा दिवस, सकाळी, दुपारी, सांजेला. स्कूटर दारात लावायच्या, हात धुवायच्या, पाडीचं डोकं मांडीवर घ्यायच्या आणि तिच्याशी अशा बोलायच्या की जणू ती ओलीबाळंतीण आहे. पाडीचा उजवा डोळा निवळला. डावा पांढराच राहिला. सिस्टरांनी ते तात्यांना स्वतःच सांगितलं, "ह्यो गेला, तात्या. ह्याचं मला वाईट वाटतं." तात्या वैरण टाकायला वळले. पण त्या दिवसापासून त्यांच्या घरून सिस्टरांसाठी चहा बाहेर गोठ्यात यायला लागला. कपबशीतून की पेल्यातून ते मी मुद्दाम बघितलं नाही.

इकडे पत्ते शोधणं सुरू झालं. रोपं कुणाकुणाला दिली याची नोंद सिस्टरांकडे नव्हती, पण आठवण होती, आणि तीही बाळंतपणाच्या मापानं. "दोन नारळ संगीताकडं, जिला जुळं झालं. तीन लासुर्ण्याच्या त्या घरी, जिथं पोरगं पायाळू आलं. एक काटेवाडीला, ती नऊ महिनं लोणचं खाल्लेली पोर न्हाय का, तिच्या दारात." मी मोटरसायकल चालवायचो, त्या मागं बसून वाट सांगायच्या. जुन्या हिवताप सर्वेक्षणासारखी त्यांनी गेरू कालवून सोबत घेतली होती. ज्या घरी मुंगी निघाली, त्या घराच्या चौकटीवर 'म'. तीनदा तपासून मुंगी निघाली नाही, की त्या 'म'भोवती गोल.

एका वस्तीवर आजीबाईंनी चौकटीवरचं 'म' पाहून मला हळूच विचारलं, "घरकुल मंजूर झालं का वं?" सिस्टर म्हणाल्या, "झालं आजी, पण मुंगीचं."

औषध कीटकशास्त्राच्या बाईंनी सांगितलं होतं. गुळाच्या पाण्यात सुकटीची पूड आणि अगदी चिमूटभर बोरिक पावडर. बाटल्यांच्या टोपणांत घालून जागोजागी ठेवायचं, लेकरं-कोंबड्या पोचणार नाहीत असं. रोपाची माती मात्र पिंपातल्या पाण्यात बुडवायची. सुकटीच्या वासानं आमची मोटरसायकल अशी झाली होती, की दवाखान्यासमोर लावली की मांजरं जमायची. लोकांना वाटायचं, चिमूटभरानं काय होणार? एकानं मूठभर पावडर घातली. मुंग्या टोपणातच मरून पडल्या आणि त्यानं मोठ्या अभिमानानं आम्हाला दाखवल्या.

सिस्टर भडकल्या. "डोस वाढवून पेशंट बरा होतो व्हय? आरं, ही बाहेरची मेली, आतली राणी तशीच ऱ्हायली. मुंगीला जिवंत घरी जाऊ द्या. घरी जाऊन तिनं राणीला भरवलं पायजे. आपलं काम तिच्याच हातानं करून घ्यायचं."

सगळं काही असं हसतखेळत झालं, असं नाही. दोन घरांनी आम्हाला फाटकातूनच परत पाठवलं. एकानं तोंडावर सांगितलं, की आमच्यात सोयरीक जमायची आहे, दारावर खुणा करू नका. लोक पाटीसमोर थांबून फोटो काढायचे. पहिल्या महिन्यात मधुकरराव बाजारात जाणं टाळायला लागले. सिस्टर मात्र रोज पहाटे बुद्धवंदना म्हणायच्या, भाकरी बांधून घ्यायच्या आणि माझ्या दारात येऊन हॉर्न वाजवायच्या. मी एकदा विचारलं, तुम्हाला लाज नाही वाटत? जरा आडवाच प्रश्न होता.

"वाटती की," त्या म्हणाल्या. "पण लाजंला घरी बसवलं की ती वाढती. तिला गाडीवर मागं बसवायचं आन् हिंडवायचं. चार घरं झाली की ती बी दमती."

खरी कसोटी उसाच्या लागणीच्या वेळी आली. तात्यांच्या बांधावरून मुंगी त्यांच्या उसात शिरली होती, कडेच्या चार-पाच सरींत. आणि तात्यांचं बेणं, म्हणजे लागणीसाठी दिला जाणारा ऊस, नावाजलेलं. लासुर्ण्याच्या पाहुण्यांना, आणखी कितीजणांना त्यांनी शब्द दिलेला. ऊस तोडून बेणं म्हणून गेला, तर पाचटातून, मुळाच्या मातीतून मुंगी जाणार हे उघड होतं. सिस्टर तात्यांच्या ओट्यावर जाऊन बसल्या.

"तात्या, मी माझं सांगितलं. आता तुमच्या बेण्याचं तुमी सांगा."

"मी का सांगू? मी आणली का मुंगी?"

"न्हाय. मी आणली. पण आता ती तुमच्या पत्त्यावर ऱ्हाती."

तात्या त्या दिवशी उठून आत गेले. मला वाटलं, संपलं. चार दिवसांनी गावची सभा होती. सभेत कुणीतरी उठून बोललं, की त्या नर्सरीवर केस टाकायला पाहिजे. आणखी दोघांनी री ओढली. सिस्टर मागच्या बाजूला बायकांत बसल्या होत्या. खाली मान घालून नाही, सरळ समोर बघत. तेवढ्यात तात्या उभे राहिले. त्यांना माईक लागत नाही.

"केस टाकली की मुंगी जाती का?" ते म्हणाले. "आरं, बाईनं सांगितलं म्हणून कळलं तरी. न्हायतर आपण पाडीला मोतीबिंदू म्हणून गप बसलो असतो." त्यांच्या मानेची शीर फुगलेली मला दिसत होती. "माझ्या रानात हाय ती. उसात शिरलीय. यंदा माझं बेणं कुणी नेऊ नका. ज्यास्नी शब्द दिला हुता, त्यांनी माफ करा."

मग एक माणूस उठला आणि म्हणाला, आमच्या केळीतबी तसलंच काहीतरी पळतंय. मग दुसरा. मग एक बाई म्हणाली, तिच्या दारातल्या कढीपत्त्याखाली आहे, पण नवऱ्यानं सांगू नको म्हटलं होतं. सगळी सभा हसली, नवराही हसला. त्या दुपारी सिस्टरांना तेरा नवे पत्ते मिळाले. घरी जाताना त्या माझ्या मागं बसल्या होत्या. फाट्याच्या पुलावर मला खांद्यावर त्यांचा हात जाणवला. त्या रडत होत्या की हसत होत्या, आरशात दिसलं नाही.

मुंगी पूर्ण गेली का? नाही. घरांमधून, गोठ्यांमधून गेली. चौकटींवरच्या बहुतेक 'म'ना गोल झाले. तात्यांच्या बांधावर पुन्हा काळ्या मुंग्यांची ओळ दिसली, तेव्हा तात्यांनी मला फोन करून बोलावलं होतं, ती ओळ दाखवायला! पण कालव्याच्या कडेला एका टप्प्यात येडी मुंगी अजून निघते. दर उन्हाळ्यात आम्ही टोपणं घेऊन जातो. सिस्टर म्हणतात, "हिवताप तरी कुठं पुरता गेला? पण म्हणून फवारणी सोडली का?"

रोपवाटिका वर्षभरानं पुन्हा उघडली. आता बाहेरून आलेलं प्रत्येक रोप महिनाभर वेगळं राहतं आणि मगच फाटकाबाहेर पडतं.

मागच्या वैशाखात मी तिथं सहज बसलो होतो. एक पिकअप येऊन थांबली. चाळिशी उलटलेला एक गृहस्थ उतरला. भिगवणच्या पलीकडून आलो म्हणाला, स्वतःची रोपवाटिका आहे. आम्ही कुणी त्याला ओळखत नव्हतो. त्यानं खिशातून औषधाची बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. आत तीन पिवळ्या मुंग्या येड्यासारख्या पळत होत्या.

"आपलं नाव ऐकलं," तो म्हणाला. "माझ्याकडं निघाल्यात. लई माल गेलाय बाहेर, पार इंदापूरच्या पुढं. मी अजून कुणालाच सांगितलं न्हाय."

सिस्टरांनी बाटली उचलली नाही. माठातून तांब्याभर पाणी आणून त्याच्यासमोर ठेवलं.

"मला सांगितलं की," त्या म्हणाल्या. "एक झाला. आता दुसऱ्याला सांगायला मी येते संगं." आणि मधुकररावांना दुपारचं जेवून घ्यायला सांगून त्या पिकअपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.